नव्या पोरांचा एकत्र हिप हॉप अल्बम: 'आफ्टरमाथ'कडून (१९९६) आपण काय घ्यायचं?

पूर्णाजंक्शन (नांदेड)

आपल्या भागातली रॅप करणारी पोरं मिळून एक अल्बम काढायलीत. नांदेड, परभणी, बीड, लातूर, संभाजीनगर, सगळीकडची आहेत. लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, पोरांचंच. नाव ठरायचंय, नोंदणीही व्हायचीय. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग माझ्याकडं आलंय. त्या निमित्तानं, मोठ्या लेबलांनी आपले नवे कलाकार पुढं आणायला काढलेले एकत्र अल्बम मी पुन्हा सलग ऐकले. त्यातल्या एकावर इथं बोलायचंच आहे: 'डॉ. ड्रे प्रेझेंट्स द आफ्टरमाथ', २६ नोव्हेंबर १९९६.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. ड्रे हा अमेरिकेतला रॅपर आणि संगीत निर्माता. १९९२ साली आलेल्या त्याच्या 'द क्रॉनिक'नं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या रॅपचा आवाज ठरवून टाकला. तो अल्बम निघाला डेथ रो लेबलवर, आणि ड्रे त्या लेबलच्या संस्थापकांपैकी एक. १९९६ मध्ये तो तिथला आपला वाटा सोडून उठला. सप्टेंबरात डेथ रोचा रॅपर टुपाक याचा खून झाला. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांच्यातलं वैर टोकाला गेलेलं. अशा वेळी ड्रेनं इंटरस्कोप या मोठ्या कंपनीच्या आधारानं आफ्टरमाथ हे लेबल सुरू केलं, आणि पहिला अल्बम काढला तो स्वतःचा नव्हे. सोळा गाण्यांपैकी त्याच्या एकट्याच्या नावावर एकच गाणं. किंग टी, आरबीएक्स असे काही ओळखीचे सोडले तर बाकी जागा त्यानं अशा माणसांना दिली ज्यांचं नाव लोकांनी ऐकलंही नव्हतं.

ज्याचा आवाज विकला जातो त्यानं आपली जागा नव्यांना द्यायची, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण त्या नव्यांपैकी बहुतेक जण पुढं टिकले नाहीत, हेही खरं आहे. आपल्या पोरांचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. किती जण घ्यायचे, कोणाला किती जागा द्यायची, बोली कोणती, कागदपत्रं कशी करायची, सगळ्यावर बोला.

काळीमाती (परभणी)

दादा, अल्बम मी ऐकलाय. खपला म्हणाल तर खपला, बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि प्लॅटिनमही (दहा लाखांच्या खपाचा मान) झाला. पण तो खप ड्रेच्या नावाचा होता. आज त्यातलं कोणतं नवं नाव लोकांना आठवतं? आफ्टरमाथ उभं राहिलं ते १९९९ मध्ये, एमिनेमच्या 'द स्लिम शेडी एलपी'नं आणि ड्रेच्या स्वतःच्या '२००१' नावाच्या अल्बमनं. म्हणजे एका माणसाला निवडून त्याच्यामागं ताकद लावली तेव्हा. मग आपण पंधरा पोरांची मोट कशाला बांधायची? सगळ्यांत चांगला एक निवडा, त्याचा अल्बम काढा, बाकीचे मागून येतील.

पूर्णाजंक्शन (नांदेड)

प्रश्न रास्त आहे. पण १९९६ आणि १९९९ या दोन गोष्टी इतक्या सुट्या नाहीत. त्या पहिल्या अल्बमवर मेल-मॅन नावाचा एक नवखा आहे. तो पुढं '२००१'च्या संगीतात ड्रेचा जोडीदार झाला. ज्या माणसाबरोबर तुम्ही तुमचं सगळ्यांत घट्ट काम करणार, तो कधीकधी अशाच गर्दीच्या अल्बममध्ये सापडतो. चाचणीची खोली आधी लागते.

दुसरं, त्या अल्बमवर 'ग्रुप थेरपी' या नावानं चौघं एकत्र आलेत: बी-रिअल, आरबीएक्स, केआरएस-वन आणि नॅस. दोन पश्चिमेचे, दोन पूर्वेचे. टुपाक जाऊन अडीच महिनेही झाले नव्हते, आणि पुढच्या मार्चमध्ये पूर्वेचा रॅपर बिगी याचाही खून झाला. त्या वातावरणात दोन्ही किनारे एका गाण्यात आणणं एकट्याच्या अल्बमला जमलं नसतं. लेबल म्हणून भूमिका घेता येते ती अशा ठिकाणी.

आता फसलं कुठं, हे मला कानानं जाणवलं ते सांगतो. बहुतेक नव्या नावांना एकेकच गाणं मिळालंय. एक आवाज कानात बसू लागतो तोवर दुसरा येतो, मग मध्येच संथ आर अँड बी सुरू होतं, मग पुन्हा कडक रॅप. ड्रेचं मिक्सिंग इतकं स्वच्छ आहे की प्रत्येक गाणं सुटं ऐकलं तर भरीव वाटतं. सलग ऐकलं तर मात्र कोण कोणाचं कोण, हेच कळत नाही.

याउलट रॉकस या न्यू यॉर्कच्या लेबलचा 'साउंडबॉम्बिंग' घ्या, १९९७ चा. तिथंही नव्या लोकांची गर्दीच आहे, मॉस डेफ आणि तालिब क्वेली त्यातूनच पुढं आले. पण सगळा अल्बम एका डीजेनं, ईव्हिल डीनं, एकात एक मिसळून नेलाय. गाणी एकमेकांच्या अंगावर येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही एकाच वस्तीतली माणसं आहेत. १९९९ च्या दुसऱ्या भागातही गाणी अशीच एकात एक मिसळली, आणि त्यात तर एमिनेमही आहे.

म्हणून माझं मत: माणसं कमी घ्या, पण जो येईल त्याला अर्धंमुर्धं कडवं नको, आख्खं गाणं द्या, जमलं तर दोन. आणि मागं कान एकाच माणसाचा ठेवा.

बालाघाट (बीड)

रामराम मंडळी. मपलं म्हणणं जरा वेगळंय.

माणसं कमी करा म्हंता, पण कमी कोण व्हनार ते बी सांगा की. ज्याच्याकडं लॅपटॉप हाय, जो संभाजीनगरला हॉस्टेलवर ऱ्हातो, जो हर रविवारी स्टुडिओत येऊ शकतो, त्योच टिकनार. आमच्या गावातलं एक पोरगं हाय, बारावी झालेलं. दसरा झाला की आई-बापासंगं ऊसतोडीच्या टोळीत जातंय, पाडव्याच्या आसपास माघारी येतंय. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, मधी येता येत न्हाई. त्ये पोरगं फडावर मोबाइलमधी लिहितंय. रात्री गाडी भरताना ट्रॅक्टरच्या उजेडात म्हणून दावतंय. त्याचं लिखाण ऐकल्यावर मी गप झालो. कोयत्याचा घाव उसाच्या बुडाशी कसा बसतो, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना पाय कुठं ठिवायचा, ते सगळं ठेक्यात हाय. त्यात रडगाणं न्हाई. कामाची लय हाय.

तुमच्या यादीत त्याचं नाव शेवटून पहिलं लागंल, कारन त्याचं रेकॉर्डिंगच झालेलं नसंल. मग एकत्र अल्बम कशासाठी काढायलाव आपण?

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटभाऊंचं पटतं. त्यात बोलीचा मुद्दा जोडतो.

आमच्याकडची अर्धी पोरं दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत लिहितात. घरात दखनी, शाळेत मराठी, फोनवर हिंदी. 'मराठवाड्याचा अल्बम' म्हटलं की सगळं मराठीतच हवं असं कुणी धरून चालू नये. वली आणि सिराज या दोन्ही जुन्या कवींच्या नावाला हे शहर जोडलेलं आहे. अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी इथंच लिहीत होता. गझलेचे दोन मिसरे (ओळी), शेवटी काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागं फिरून येणारा शब्द), आणि दाद मिळाल्यावर तीच ओळ पुन्हा म्हणायची सवय, हे सगळं आमच्या पोरांनी मुशायऱ्यात बसून उचललंय. रॅपमध्ये यमक कुठं आपटायचं ते त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या बाजूला १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर या. नामांतराची लढाई सोळा-सतरा वर्षं चालली, १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हापासून दरवर्षी तिथं लोटणारी गर्दी, पुस्तकांचे स्टॉल आणि स्टेजवरची भीमगीतं. त्या स्टेजवर आता मधूनमधून रॅपही होतो. आंबेडकरी जलशाची परंपरा तिथं जिवंत आहे, आणि ती पोरं माइकला घाबरत नाहीत, कारण त्यांनी लहानपणापासून हजारोंसमोर कोरस दिलाय.

माझी एकच विनंती. दखनीवाला आणि जलशातला, या दोघांचं एक गाणं एकत्र व्हावं. पूर्णाजंक्शन दादांनी ग्रुप थेरपीचं सांगितलं, ते वाचताना हेच डोक्यात आलं. आमच्या शहराला त्याची गरज आहे.

मांजराकाठ (लातूर)

मी वकिली करतो, म्हणून कागदाचं बोलतो. जरा लांबेल, पण हे वाचल्याशिवाय कुणी सही करू नये.

माझ्या पाहण्यातल्या एका मुलानं दोन वर्षांपूर्वी एका कंपनीला तीन गाणी दिली. कागद इंग्रजीत, वाचून कुणी दाखवला नाही. आता स्वतःचंच गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं की दावा येतो आणि गाणं उतरतं. आपल्या लेबलमध्ये हे होता कामा नये, लेबल आपलं असलं तरीही. मैत्रीत केलेला तोंडी व्यवहार सगळ्यांत आधी तुटतो.

गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि संगीत करणाऱ्याचा. रेकॉर्ड झालेल्या ध्वनीचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे इथं लेबलचा, आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. रॅपर हा गीतकार आहे, हे आधी पोरांच्या मनावर ठसवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा समान वाटा लेबलच्या नावे सोडूनच देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. करारात तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही.

त्याच कायद्याचं कलम १९ तर प्रत्येकानं पाठ करावं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. पण म्हणून जागा मोकळ्या सोडू नका. मुदत स्पष्ट लिहा, पैशाची वाटणी टक्क्यात लिहा आणि करार मराठीत करा. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला उर्दूत द्या.

अजून एक. निम्मी पोरं यूट्यूबवरच्या टाइप बीटवर, म्हणजे नावाजलेल्या रॅपरच्या धाटणीत बनवून ठेवलेल्या तयार बीटवर लिहितात. ती बीट फुकट दिसते, पण व्यापारी वापराला बहुधा लायसन्स लागतं, आणि स्वस्त लायसन्समध्ये तीच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेली असू शकते. अल्बमवर तसलं एकही गाणं नको. बीट आपणच बनवा.

काळीमाती (परभणी)

वकीलसाहेब, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बीट आपणच बनवा हे तर शंभर टक्के. पण मग बीट कशाची, हा प्रश्न येतोच. तिकडच्या ड्रमचा सॅम्पल आणि तिकडचा बास घेऊन वर आपली बोली ठेवली, तर आवाज दिल्ली-मुंबईच्या पोरांसारखाच येणार.

किनवटची (नांदेड)

मी रॅप करते आणि लिहिते. आधी माझी तक्रार नोंदवते. अशा एकत्र अल्बमांत बाईचा आवाज हवा असतो तो हुकपुरता, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळींपुरता. दोन गोड ओळी गायच्या, आणि मधलं सगळं बोलायला पोरं. दोन ठिकाणी मला हेच सांगितलं गेलं, दोन्हीकडं मी नाही म्हणाले. पूर्णाजंक्शन दादा, 'आख्खं गाणं' हा तुमचा नियम मुलींनाही लागू होणार असेल तर मी आहे.

आणि बीटबद्दल. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. घरात जातं आता कोपऱ्यात असतं, पण सांगितलं की बसते. मी फोनवर रेकॉर्ड केलंय. जात्याचा फेरा आणि ओवीचे साडेतीन चरण एकमेकांत कसे बसतात ते ऐकून पहा. शेवटचा अर्धा चरण लवकर संपतो, तिथं दगडाची घरघर एकटीच उरते आणि मग पुढची ओवी. रॅपर जिथं श्वास घेतो ती हीच जागा. त्या घरघरीवर मी सोळा ओळी बसवल्यात, ड्रम न घालता. ताल दगडच देतो.

गंगाखेडच्या जनाबाईचे दळता-कांडतानाचे अभंग आपण सगळे शाळेत वाचतो. बाईनं काम करता करता शब्द रचणं हे आपल्याकडं सातशे वर्षांचं आहे. मला त्यात काही नवीन करतेय असं वाटत नाही, पुढं नेतेय असं वाटतं.

एकच विचारायचंय, वकील काकांना. आजीचा आवाज वापरला तर तिचं नाव कुठं येणार?

मांजराकाठ (लातूर)

ताई, आजी कायद्याच्या भाषेत कलावंत ठरतात. सादरीकरणावर त्यांचा स्वतंत्र हक्क असतो, ५० वर्षांचा. त्यांची लेखी संमती घ्या, अंगठा असला तरी चालेल, दोन साक्षीदार ठेवा. गाण्याच्या माहितीत गायिका म्हणून त्यांचं पूर्ण नाव द्या आणि वाटणीत त्यांचा टक्का लिहा. पारंपरिक ओवीचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात, आवाज मात्र आजींचाच आहे.

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

किनवटची ताई, ते रेकॉर्डिंग अल्बमचं पहिलं गाणं असावं. माझं मत नोंदवून ठेवा.

पूर्णाजंक्शन (नांदेड)

सगळं दोनदा वाचलं. आता मी काय करतोय ते सांगतो.

काळीमाती, बीटचं काम सुरू झालंय. गादीवाल्याच्या दुकानामागची खोली मिळाली आहे. तिन्ही भिंतींना पिंजलेल्या कापसाच्या गाद्या उभ्या असतात, त्यामुळं आवाज घुमत नाही. पैसे मोजून इतकी कोरडी खोली मिळाली नसती. तिथं परवा संबळ आणि हलगी घेतली. संबळाच्या दोन वाद्यांपैकी मोठ्याचा खर्ज आणि ८०८ चा (ड्रम मशीनचा) खोल बास एकाच जागी येऊन भांडतात, दोन्ही गढूळ होतात. मग संबळाचा खालचा भाग कापला आणि लहान वाद्यावर काडीचा जो कडक टोला बसतो तो पुढं आणला. आता स्नेअर ड्रम लागतच नाही. हलगीनं जास्त त्रास दिला. वादकानं ती बाहेर काड्या पेटवून शेकून आणली, पहिली दहा मिनिटं आवाज खणखणीत, मग हळूहळू उतरायला लागला. म्हणून दर दोन टेकनंतर पुन्हा शेकायची असं ठरवलं. माइक जवळ ठेवला की आवाज फुटतो. चार हात लांब, थोडा कडेला ठेवल्यावर जमलं. बीट सगळ्या ८८ ते ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) मध्ये ठेवतोय, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसणार नाही. रॉकसच्या डीजेकडून मी हेच उचललंय.

बालाघाट, तुमच्या पोराचं. माणसं कमी ठेवायची हे माझं मत अजूनही कायम आहे, पण कोण राहणार हे हजेरीवर ठरणार नाही. तो स्टुडिओत येऊ शकत नसेल तर रेकॉर्डर फडावर जाईल. कारखाना कुठला ते कळवा, मी स्वतः येतो. कोप्यांच्या मागं, दिवस मावळल्यावर, शांतता असेल तेव्हा घेऊ. ट्रॅक्टरचा आवाज वेगळा घेऊ, त्याच्या गाण्याखाली तोच ठेवायचा. अल्बम पाडव्यानंतर काढू, म्हणजे टोळ्या गावी परतलेल्या असतील आणि त्याचं गाणं त्याला गावात बसून ऐकता येईल.

किनवटची ताई, नियम सगळ्यांना एकच. तुमची दोन गाणी धरतोय. एक जात्याचं, दुसरं तुम्ही ठरवा.

शहागंज, दखनी आणि जलशाचं एकत्र गाणं व्हायलाच पाहिजे. फक्त दोघांनी समोरासमोर बसून लिहावं. व्हॉट्सअॅपवर कडवी पाठवून जोडलेली गाणी ऐकताना कळतात. ड्रीमव्हिल या अमेरिकी लेबलनं २०१९ चा आपला तिसरा एकत्र अल्बम करताना अटलांटात सगळ्यांना दहा दिवस एका स्टुडिओत आणलं होतं, आणि त्यातल्या गाण्यांत माणसं एकमेकांना उत्तरं देताना ऐकू येतात. आपल्याला दहा दिवस परवडणार नाहीत. दोन दिवस सगळे नांदेडला या, राहण्याची सोय आम्ही करतो.

माझा हिशेब आठ जणांचा होतोय, प्रत्येकाची एक किंवा दोन गाणी आणि दोन एकत्र. जे यात बसणार नाहीत त्यांना मी स्वतः फोन करणार आहे, आणि का नाही ते सांगणार आहे. त्यांचं पुढचं रेकॉर्डिंग याच खोलीत, बिनपैशानं.

काळीमाती (परभणी)

आठ जण असतील तर माझा विरोध संपला. क्रमाबद्दल एक सांगू का? सगळ्यांत ओळखीचा आवाज पहिल्या तीनात ठेवू नका. त्याच्यासाठी आलेला माणूस तेवढंच ऐकून निघून जातो. त्याला पाचव्या-सहाव्यावर ठेवा, तोवर नवे कानावर पडतील. आणि मुखपृष्ठावर आठही नावं एकाच आकारात हवीत.

मांजराकाठ (लातूर)

कराराचा मसुदा शनिवारपर्यंत मराठीत टाकतो. मुदत पाच वर्षं, त्यानंतर रेकॉर्डिंग कलाकाराकडं परत, असं कलम घालतोय. हरकत असेल तर आत्ताच सांगा.

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

हरकत नाही. उर्दू भाषांतर माझ्याकडं द्या. आमच्याकडचे दोघं नांदेडला यायला तयार आहेत, फक्त रमजानच्या आधीची तारीख धरा.

बालाघाट (बीड)

दादा, पोराला फोन लावला व्हता. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला हाय, पत्ता तुम्हाला वेगळा पाठवतो. मुकादमाला बी बोललो, त्यो म्हनला रातीचं कायबी करा, पहाटं चारला फडात पायजे. गाडीचं भाडं आमी चौघं मिळून देतो. येताना हलगीवाल्याला संगं घेऊन या, पोरगं म्हंतंय त्याला ठेका समोर पायजे.